दातात धरलेला पदर

अमळनेर,
शनिवार, १ फेब्रुवारी २०२५

चि. भूषण,

आशीर्वाद. आम्ही इकडे बरे आहोत. तुझ्या दाजींचा खोकला थांबला. थंडी ओसरायला लागली आहे. पुनमने दिवाळीत लावून दिलेली ओव्याची रोपं जगली, हे तिला सांग. एवढी खुशाली पुरे. खुशाली लिहायला मी बसलेले नाही.

तू आणि मी, आपण खान्देशातली माणसं आहोत आणि आपलं दोघांचं एक जुनं दुखणं आहे. आपल्याविषयी नेहमी दुसरेच बोलतात. बाहेरून कुणी येतं, आपलं ऊन सोसत नाही म्हणून झाडाखाली बसतं, दोन बायांना काहीबाही विचारतं, फोटो काढतं, आणि परत जाऊन लिहितं की ही माणसं अडाणी आहेत, म्हणून यांचं असं होतं. ओट्यावर बसून आपण दोघांनी यावर किती संताप केला आहे! तू कॉलेजात होतास तेव्हा एकदा म्हणाला होतास, "अक्का, आपल्यातला कुणी लिहायला लागेल ना, तेव्हाच आपलं खरं लिहिलं जाईल." ते वाक्य मी पुढे कितीतरी सभांत म्हटलं. तुझं नाव घेऊन म्हटलं. बाया टाळ्या वाजवायच्या.

आता आपल्यातल्या एकाने लिहिलं आहे. ती पुस्तिका माझ्यासमोर उघडी पडली आहे.

तू म्हणशील, पत्र कशाला, फोन करायचा. केला की. पहिल्यांदा तू मीटिंगमध्ये होतास, दुसऱ्यांदा विमानतळावर. तिसऱ्यांदा बोललास, पण मला वाक्य पूर्ण करू दिलं नाहीस. हजार माणसांच्या सभेत मला कुणी मध्येच तोडत नाही, आणि माझा धाकटा भाऊ तोडतो. म्हणून कागद. कागदाला "अक्का, मी तुला नंतर करतो" असं म्हणता येत नाही. आणि आणखी एक. या पत्राची प्रत मी माझ्याजवळ ठेवते आहे. उद्या ते मला चारचौघांत वाचावं लागलं तर ऐकणाऱ्याला सगळं कळायला हवं. म्हणून तुला ठाऊक असलेल्या गोष्टीही मी लिहिणार आहे. कंटाळू नकोस.

गेल्या आठवड्यात बोरीकाठच्या एका गावात आमच्या शेतमजूर बायांची बैठक होती. मारुतीच्या पारावर बसलो होतो. तुझ्या प्रकल्पातली ती मयुरी गाडीतून गठ्ठे घेऊन आली. मुलगी गुणी आहे, तिच्यावर माझा राग नाही. तिने पुस्तिका वाटल्या. वर नाव, 'सुरक्षित खळं, सुखी घर'. आत रंगीत चित्रं. मला अभिमान वाटला, खोटं कशाला सांगू? भावाचं नाव छापलेलं, खाली परदेशातल्या विद्यापीठाचं बोधचिन्ह. मी बायांना म्हटलं, बघा, तुमचं बोलणं कुठवर गेलं.

ताईबाई तुला आठवते. मक्याच्या मशीनमध्ये तिची दोन बोटं गेली, आणि तुझ्या मुलाखतीत सर्वांत आधी तीच बोलली होती. ती पानं उलटत होती. एका पानावर थांबली. त्या पानावर एक हात होता. मनगटापुढे काही नसलेला हात. चेहरा तू झाकला आहेस, मोठे उपकार केलेस! पण कोपराखाली गोंदलेली तुळस कशी झाकणार?

"अक्का," ताईबाई म्हणाली, "हाई तुळस तं बेबाबाईनी शे." बेबाबाईची, म्हणजे आपल्या वहिनीची.

एक जण म्हणाली, "बेबाबाईना हात इमानमा बसी परदेश फिरी उना, आनि आम्हले अजून एस्टीमा जागा भेटस नही!" सगळ्या हसल्या. मीही हसले. मग ताईबाईने फोटोखालची ओळ मोठ्याने वाचली. 'सैल पदर यंत्रात ओढला गेल्याने झालेली इजा. मुख्य कारण: काम करणाऱ्या महिलेचा बेसावधपणा.'

हसणं थांबलं. मग ताईबाईच बोलली, आणि तिचा आवाज चढलेला नव्हता, याचाच मला जास्त त्रास झाला.

"अक्का, तुम्ही सांगं व्हतं ना, खरं बोला, तुम्हनावर काही येवाव नही. आम्ही बोलनूत. पन्हळ कापेल व्हती, हाई बी बठ्ठ्यास्नी सांगं. मंग पुस्तकमा आम्हना पदरच कसा उना?"

भूषण, तिच्या हातातली ती पुस्तिका मी मागून घेतली. तीच आता माझ्यासमोर आहे.

आता त्या पन्हळीविषयी लिहिते. तुला सांगायला नको, पण प्रत वाचणाऱ्यासाठी. मळणीच्या मशीनला पत्र्याची एक लांब पन्हळ असते. कणसं तिच्यात टाकायची आणि आत सारायची. कारखान्यातून ती लांबच येते, कारण माणसाचा हात आतल्या फिरत्या ड्रमपर्यंत पोचू नये. पण लांब पन्हळीत माल अडकतो, काम सावकाश होतं. एका खळ्यावरून दुसऱ्या खळ्यावर पळायचं असतं, म्हणून आपल्याकडे मशीन आणलं की मालक आधी ती पन्हळ गॅस कटरने आखूड करून घेतो. कुणाला त्यात वावगं वाटत नाही. नव्या बैलाची शिंगं तासावीत तसं ते काम चालतं. आणि मग हात जातात. बहुतेक बायांचे जातात, कारण कणसं सारायला बायाच उभ्या असतात.

हे मला कुणी शिकवलं? तू. आपल्या वहिनीचा हात गेला त्यानंतरच्या आठवड्यात तू टेप घेऊन खळ्यावर बसला होतास. मोजून झाल्यावर तू मला म्हणालास, "अक्का, पन्हळ मुळात होती तेवढी असती ना, तर वहिनीचा हात ड्रमला शिवलाही नसता." तुझ्या डोळ्यांत पाणी होतं. त्याच दिवशी तू ठरवलंस की या विषयातच काम करायचं. बाहेर जायचं, शिकायचं, परत यायचं. तुला त्या आंतरराष्ट्रीय प्रशिक्षणासाठी निवडलं तेव्हा अमळनेरच्या चौकात मी पेढे वाटले.

आणि तू परत आलास तेव्हा काय सांगायचास! मला अजून शब्दन् शब्द पाठ आहे. "अक्का, तिकडे पहिल्याच दिवशी 'अपघात' हा शब्द बोलायला बंदी केली. म्हणे अपघात म्हटलं की दोष नशिबावर जातो, नाहीतर जखमी माणसावर. माणूस चुकणारच, थकणारच, त्याचं लक्ष इकडेतिकडे जाणारच. हे धरूनच यंत्र बनवायला हवं. आधी यंत्र दुरुस्त करा, माणसाला उपदेश सर्वांत शेवटी." मी आयुष्यभर पुस्तकं वाचली, भूषण, पण इतकं सरळ आणि इतकं न्यायाचं मी क्वचितच वाचलं होतं. ती तुझी वाक्यं घेऊन मी अमळनेरपासून पिंपळनेरपर्यंत हिंडले. बायांना सांगितलं, लाजू नका, बोला. तुमचा हात तुमच्या चुकीने गेलेला नाही. माझा भाऊ हे सिद्ध करणार आहे.

पिंपळनेरकडच्या एका पाड्यावर एक म्हातारी आपला हात पदराखाली लपवून बसली होती. नवरा जिवंत असेपर्यंत तिने तो हात कुणाला दाखवला नव्हता. माझं भाषण ऐकून तिने पदर बाजूला केला आणि तुझ्या टेपरेकॉर्डरपुढे बोलली. तिच्यासमोर आता मी कोणतं तोंड घेऊन जाऊ?

तिकडे जे शिकलास त्याच्या नेमकं उलट तू इकडे लिहिलंस. यंत्र निर्दोष, बाई दोषी. आणि उपाय काय? पदर घट्ट खोचा, लक्ष देऊन काम करा, पुस्तिकेत दाखवला तसा कोट घाला. पन्हळीविषयी एक ओळ नाही. एवढ्या बायांनी सांगून एक ओळ नाही! त्या झाडाखाली बसणाऱ्या परक्या माणसाला निदान आपली भाषा कळत नव्हती. तुला कळत होती.

फोनवर तू म्हणालास, "तांत्रिक बाब आहे अक्का, पन्हळीबाबत पुरावा पुरेसा नव्हता." पुरावा! मोजायची टेप तुझ्या हातात होती. मग मी खोदून विचारलं तेव्हा आणखी एक कारण तू सांगितलंस, हळू आवाजात. ते कारण मी आज इथे लिहीत नाही. लिहायला घेतलं आणि पेन खाली ठेवलं.

आणि आता मयुरीकडून कळतं की सोमवारी, दहा तारखेला, धुळ्याला तुमचा मोठा कार्यक्रम आहे. तुझे परदेशातले गुरुजन येणार, जिल्ह्याचे अधिकारी येणार, त्या दिवसापासून गावोगावी प्रशिक्षण सुरू होणार. आणि व्यासपीठावर बेबावहिनीला उभं करणार. तो हात वर करून ती चार वाक्यं बोलणार. ती वाक्यं तू लिहून दिली आहेस म्हणे.

ते मला खरं वाटत नाही. उद्या गावी जाऊन स्वतः बघते. तोवर हे पत्र पाकिटात घालत नाही.

*

रविवार, २ फेब्रुवारी

गावाहून आत्ताच आले. हात धुऊन सरळ लिहायला बसले आहे.

पहिल्या एसटीने गेले. शिवारात दादर, म्हणजे आपली रब्बीची ज्वारी, तयार उभी आहे. यंदा कणसं चांगली भरली आहेत. काही दिवसांत कापणी, मग खळी आणि मशीन. वाटेत दोन ठिकाणी मशीनं बाहेर काढून ग्रीस लावताना दिसली. दोन्ही आखूड पन्हळीची.

वहिनी चुलीपुढे होती. उजव्या मनगटाने परातीची कड दाबून धरायची आणि डाव्या हाताने भाकरी थापायची, हे ती किती सफाईने करते ते तू पाहिलं आहेस. फळीवर फोन ठेवलेला आणि त्यातून मयुरीचा आवाज पुन्हा पुन्हा येत होता. तू लिहिलेली वाक्यं त्या मुलीने बोलून पाठवली होती, वहिनीने पाठ करावीत म्हणून. 'माझ्या बेसावधपणामुळे मी माझा हात गमावला. भगिनींनो, तुम्ही आपला पदर सांभाळा.' फोन बोलायचा आणि वहिनी भाकरी थापत मागून म्हणायची. "बेसावध" वर येऊन अडखळायची, पुन्हा फोन लावायची. शाळेतल्या पोरीसारखी.

मला बघून हसली. म्हणाली, "अक्का, बरं व्हयनं उन्यात. बेसावधपना म्हंजे काय वं?"

मी म्हटलं, "तुला माहीत नाही आणि पाठ करतेस?"

"भूषणनी लिखं शे म्हंजे चांगलंच व्हई."

भूषण, हे वाक्य दोनदा वाच. आपली आई गेली तेव्हा तू किती लहान होतास. वहिनी नवी सून होती, तरी तुझं सगळं तिनेच केलं. तू धुळ्याला शिकायला होतास तेव्हा तुझा डबा रोज पहाटेच्या एसटीत कंडक्टरच्या हाती कोण द्यायचं? डबा पोचला की नाही, हे संध्याकाळच्या गाडीला परत जाऊन कोण विचारायचं? तिने तुझ्याकडे आजवर काही मागितलं नाही. तू एक वाक्य दिलंस, तर अर्थ न विचारता ती ते पाठ करत बसली.

मी तिला अर्थ सांगितला. म्हटलं, "बेसावधपणा म्हणजे तुझं लक्ष नव्हतं. म्हणजे चूक तुझी."

तिचा हात पिठात थांबला. तव्यावरची भाकरी करपली तरी तिला कळलं नाही.

"मना ध्यान नव्हतं?" ती म्हणाली. "आबा समोर उभा व्हतात, नाना व्हतात, बठ्ठा मानसे व्हतात. मशीनले पहिला घास देवाना आनि मना ध्यान नव्हतं, आसं भूषण म्हनस?"

मग तिने सांगितलं. मी त्या दिवशी पिंपळनेरला सभेत होते, म्हणून तिच्या तोंडून हे कधी पूर्ण ऐकलंच नव्हतं. आपल्या घरची रीत, मशीन खळ्यावर आलं की कुंकू लावायचं, नारळ फोडायचं आणि पहिला घास थोरल्या सुनेने द्यायचा. इतरांनी ती रीत सोडली, आपल्या घरी सुटली नाही. वहिनी चांगलं लुगडं नेसून आली. सासऱ्यांसमोर, चुलत सासऱ्यांसमोर उभं राहायचं म्हणून पदर डोक्यावर घेतला, आणि कणसांची पाटी धरायला दोन्ही हात लागणार म्हणून पदराचं टोक दातात धरलं. तिच्या नवऱ्याने, आपल्या भटूभाऊने, ट्रॅक्टर सुरू केला. तिने कणसं सारली. एरवी ती मशीनवर उभी राहायचीच नाही, ते काम मजूर बायांचं. पन्हळ किती आखूड आहे याचा अंदाज तिला कुठून असणार? हात आत गेला आणि ड्रमने ओढला.

"मी वरडनी बी नही," ती म्हणाली. "तोंड उघाडतू तं पदर पडता."

मला पुढचं तिला विचारावं लागलं नाही, कारण पुढचं मला भटूभाऊने फार पूर्वीच सांगितलं आहे, आणि तुला तर कुणी सांगायची गरजच नाही. त्या दिवशी तू घरी होतास. तिला जीपमध्ये घालून तूच नेलंस. तिचं डोकं तुझ्या मांडीवर होतं. दवाखान्यात पोचेपर्यंत तिची दातखीळ बसली होती आणि पदर तसाच दातांत होता. अख्खा. एक धागा उसवलेला नव्हता. तिच्या दातांतून तो पदर तू सोडवलास, भूषण. तुझ्या या हातांनी.

आणि त्याच हातांनी तू लिहिलंस, पदर यंत्रात ओढला गेला.

वहिनी रडली नाही. म्हणाली, "ऱ्हाऊ द्या अक्का. त्यानं नाव मोठं व्हई ऱ्हायनं. मी म्हनी दिसू." आणि तिने फोन पुन्हा लावला. मी तो फोन बंद केला आणि बाहेर अंगणात आले, कारण आत मला उभं राहवेना.

आता ते दुसरं कारण लिहिते. काल पेन खाली ठेवलं होतं. वर मी पन्हळ कापणारा 'मालक' असं लिहून निभावून नेलं. आपलं मशीन आपलंच आहे. त्याचे मालक आबा. आपल्या पन्हळीचा तुकडा आबांनी कापायला लावला. लिहिलं एकदाचं.

तू फोनवर हळू आवाजात म्हणालास, "पन्हळ लिहिली असती अक्का, तर कुणी कापली हे लिहावं लागलं असतं. वहिनीची केस मी सगळीकडे मांडली आहे. तिच्याच केसमध्ये पन्हळ वगळून इतरांच्या केसमध्ये कशी दाखवू? आबांना या वयात पोलिसांपुढे उभं करू का?" त्या क्षणी मला तुझं पटलं होतं, हे कबूल करायला हवं, कारण आबा माझेही आहेत.

पण रात्रभर ते मला पचलं नाही. एका माणसाला झाकायला तू तालुक्यातल्या सगळ्या बायांना उघडं पाडलंस. एक पन्हळ लपवायची म्हणून सगळ्या पन्हळी लपवल्यास. आणि ज्या माणसाला झाकलंस, त्याने तुला झाकायला सांगितलं होतं का? हे मीही कधी विचारलं नव्हतं. आज विचारलं.

आबा खाटेवर ऊन खात बसले होते. डोळ्यांना आता कमी दिसतं, पण चालीवरून ओळखतात. "तू भाषन देवाले उनी का?" म्हणाले. मी खाटेच्या पायथ्याशी बसले. म्हटलं, "आबा, एक विचारू? आपल्या मशीनची पन्हळ कुणी कापली?"

"छगननी."

छगन म्हणजे चौकातला गॅरेजवाला. म्हटलं, "कुणाच्या सांगण्यावरून?"

"मना. मशीन मनी, सांगनार दुसरा कोन ऱ्हाई?"

इतकं सरळ. मला वाटलं होतं, चिडतील, उठून जातील, विषय बदलतील. थोडा वेळ त्यांनी हातातली काठी फिरवली. मग म्हणाले, "माल अटके. गावमा बठ्ठास्नी कापी, मी बी कापी." मग अगदी हळू, "पन सूनना पदर पडना नही, सुनंदा. हात गया, तरी पडना नही. मी दखं."

मी त्यांना तुझ्या पुस्तिकेतली ती ओळ वाचून दाखवली. पदराची. बेसावधपणाची. आणि तू ती का लिहिलीस तेही सांगितलं. मला राहवलं नाही. म्हातारा माणूस, जपायला हवं, हे कळत होतं, तरी सांगितलं.

ते म्हणाले, "माले कोनापाईन वाचाडस तो? मी काय चोरी करी का?" आणि मग, "बठ्ठा तालुकाले इचारत फिरना तो. बापले इचारं नही."

भूषण, तिकडे तुला प्रश्न कसे विचारायचे हे शिकवलं असेल. किती माणसांना विचारायचं, कोणत्या क्रमाने विचारायचं, उत्तर कसं टिपायचं. तू गावोगाव हिंडलास. पण आपल्या अंगणातल्या खाटेपाशी येऊन एक प्रश्न विचारायला तू घाबरलास, आणि त्या भीतीला तू बापावरची माया असं नाव दिलंस. आबांना लाज वाटत असेल, हे तू तुझ्या मनाने ठरवलंस. त्यांना स्वतःला वाटत होतं ते दुःख, आणि ते बोलायला त्यांना कुणी जागा दिली नाही.

मी निघताना त्यांनी माझा हात धरला. म्हणाले, "माले धुळाले लई चाल. मीच सांगसू."

मी हो म्हटलं आहे. दहा तारखेला भटूभाऊ गाडी काढणार, मागे आबा, वहिनी आणि मी. वहिनीला मी अडवलं नाही. ती म्हणते, भूषणचा शब्द आहे, मी येणार, त्याने दिलेलं वाक्य म्हणणार. तिने एकदा ठरवलं की ठरवलं. तिच्या तोंडून ते वाक्य बाहेर पडलं, तर त्या सभागृहातून ते प्रत्येक खळ्यावर जाईल, आणि मग यंदाच्या दादरीत जिचा हात जाईल तिला घरचे लोक तेच वाक्य ऐकवतील. 'बेबाबाई स्वतः म्हणाली ना, चूक आपलीच असते.' त्या बाईला पुढे कुणाचं भाषण वाचवू शकणार नाही. माझंही नाही.

मी व्यासपीठावर चढून आरडाओरड करीन अशी भीती तुला वाटत असेल. ते मला येतं, तुला माहीत आहे. पण मी चढणार नाही. माझा आवाज तिथे गेला तर लोक म्हणतील, सुनंदाबाईचं नेहमीचंच. आणि तू खरं सांगणार नसशील तर त्या पायऱ्या ते माझा हात धरून चढतील, कमी दिसतं तरी चढतील. पण आपल्या लेकाने गिळलेलं खरं बापाला या वयात माईकवर येऊन ओकावं लागावं, हे मला बघायचं नाही. तुलाही बघवणार नाही, इतपत मी तुला अजून ओळखते.

पुस्तिका परत छाप, माफीचं पत्र काढ, नोकरी सोड, असलं काही मी मागत नाही. एकच गोष्ट कर. सोमवारी वहिनीचं नाव पुकारायच्या आधी तू ऊठ. माईक तू घे. तुझ्या परदेशी गुरुजनांसमोर, अधिकाऱ्यांसमोर, आणि खाली बसलेल्या ताईबाईसमोर सांग, की माझ्या वहिनीचा पदर तिच्या दातात होता, तो मी स्वतः सोडवला. तिची चूक नव्हती. पन्हळ कापलेली होती, आणि ती माझ्या वडिलांच्या मशीनची होती. इंग्रजीत नको. आपल्या बोलीत सांग, म्हणजे वहिनीला कळेल.

मी पहिल्या रांगेत असेन, आबांच्या शेजारी.

सुनंदा

नावाआधी 'तुझी अक्का' लिहायला पेन टेकवलं होतं. ते शब्द तुझं बोलणं ऐकल्यावर लिहीन.